मनातले प्रश्न : ‘सर्च हिस्टरीत ते दिसले, आता मुलाशी काय बोलू?’

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे मुलांच्या आणि तरुणांच्या हातातल्या मोबाईलवर सहज उघडणाऱ्या अश्लील चित्रफितींविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून, लिहिणाऱ्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो म्हणून संध्याकाळी तासभर माझा मोबाईल त्याच्याकडे असतो. मागच्या आठवड्यात मी काही शोधायला गेले, तर सर्च हिस्टरीत ‘महाराष्ट्रातील नद्या’ आणि ‘प्रो कबड्डी’ यांच्या मधोमध असे तीन-चार शब्द दिसले की माझे हातपाय गार पडले. मी यजमानांना सांगितले. त्यांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि मोबाईल काढून घेतला. त्या दिवसापासून मुलगा माझ्या नजरेला नजर देत नाही, रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतो. त्याच्या मनावर कायमचा परिणाम झाला असेल का? आता त्याच्याशी काय बोलू? — एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आधी देते, कारण त्या काळजीने तुम्हाला झोप लागत नसणार. बारा वर्षांच्या मुलाने एकदा किंवा काही वेळा अशी चित्रफीत पाहिली, म्हणून त्याचे मन कायमचे बिघडते, असे मानायला आधार नाही. नद्यांची नावे आणि कबड्डीचे सामने ज्या उत्सुकतेने शोधले, त्याच उत्सुकतेने त्याने शाळेत कानावर पडलेला एक शब्दही शोधला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी २०२३ मध्ये १६ ते २१ वर्षांच्या तरुणांच्या पाहणीवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला, त्यात अशा गोष्टी प्रथम पाहण्याचे सरासरी वय १३ निघाले. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलांनी सांगितले की असे काही त्यांच्यासमोर कधी ना कधी न शोधताच आले होते. हे आकडे तिकडचे आहेत, पण २०१६ नंतर आपल्याकडे स्वस्त झालेला डेटा आणि २०२० मध्ये शाळा बंद असताना घराघरांत मुलांच्या हाती गेलेला मोबाईल लक्षात घेतला, तर आपली मुले यापासून दूर राहिली असतील असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

मग काळजीचे काहीच नाही का? आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. या वयाच्या मुलाकडे समोर दिसणाऱ्या दृश्याचा अर्थ लावण्यासाठी काहीही साहित्य नसते. सिनेमातली मारामारी खोटी असते हे त्याला ठाऊक असते, कारण आपण ते त्याला दहा वेळा सांगितलेले असते. पण या चित्रफितींतलेही खोटे असते, ठरवून, पैसे देऊन, कापून-जोडून तयार केलेले असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. इंग्लंडच्या त्याच अहवालात ७९ टक्के तरुणांनी अठरा वर्षांच्या आत हिंसक स्वरूपाच्या अश्लील चित्रफिती पाहिल्याचे नोंदवले आहे. म्हणजे स्त्री-पुरुषांमधल्या जवळिकीचे पहिले चित्र म्हणून मुलासमोर येते ते अनेकदा ओरबाडण्याचे, शिवीगाळीचे, केस ओढण्याचे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी तेरा वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील घेऊन आले होते. वडील बाहेर गेल्यावर तो पंधरा मिनिटे माझ्या टेबलावरचे पेपरवेट एका रेषेत लावत बसला. मीही काही विचारले नाही. मग मान वर न करता त्याने विचारले, ‘‘मॅडम, त्या बाईला दुखत होतं का?’’ तीन महिने तो हा एकच प्रश्न घेऊन फिरत होता. घरात मार बसला होता, देवासमोर शपथ घ्यायला लावली होती, मोबाईल कपाटात कुलूपबंद झाला होता, पण त्याला काय वाटले हे कोणी विचारले नव्हते. तुमचा मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपतो, तेव्हा त्याच्यापाशीही असा एखादा प्रश्न असेल, असे धरून चाला.

बोलण्यासाठी समोरासमोर बसवून घेऊ नका. मुलांना नजर नको असते. मटार सोलताना, स्कूटरवरून क्लासला सोडताना, रात्री दिवा मालवल्यावर बोला. ‘‘त्या दिवशी आम्ही दोघंही घाबरलो आणि बाबांनी हात उचलला, ते चुकलं. तू काहीतरी बघितलंस, त्याचा मला राग नाही. ते बघून तुला भीती वाटली, किळस वाटली किंवा चांगलंही वाटलं, तरी मला सांगितलंस तर चालेल,’’ एवढे पुरे. चांगलेही वाटले असू शकते, हे वाक्य गाळू नका. उत्तेजना ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, आणि ती झाली म्हणून आपण घाणेरडे आहोत असे मुलाने मनाशी धरले, तर तो पुढे कोणालाच काही सांगत नाही. त्यानंतर दोन गोष्टी स्पष्ट सांगा: ते खरे नसते, मोठ्यांनी मोठ्यांसाठी पैशांकरिता बनवलेले असते, आणि खऱ्या आयुष्यात समोरच्याला नको असेल तर थांबायचे असते. तो ‘हं’ म्हणून गप्प बसेल. बसू द्या. यजमानांनीही त्याच्याशी वेगळे, दोन वाक्ये का होईना, बोलणे फार गरजेचे आहे, कारण मार त्यांच्या हातून बसला आहे.

एक प्रश्न मात्र न विसरता, सहज स्वरात विचारा: ‘‘हे तुला कोणी दाखवलं का?’’ वर्गमित्राने दाखवले असेल तर गोष्ट वेगळी. पण एखादा मोठा मुलगा, नातेवाईक, क्लासचा किंवा रिक्षाचा कोणी माणूस दाखवत असेल, तर ती पुढच्या गैरप्रकाराची पायरी असू शकते. लैंगिक हेतूने मुलाला अश्लील साहित्य दाखवणे हा मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशा वेळी १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो. तसेच पाहिलेले एखाद्या लहान मुलावर करून बघणे, अंथरूण ओले होणे, शाळेत जायला एकाएकी नकार, यांपैकी काही आढळले तर थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

मोबाईलमधली व्यवस्था शेवटी सांगते, कारण ती शेवटीच येते. गूगलचे सेफसर्च चालू करा, यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड लावा, त्याला वेगळा फोन द्याल तेव्हा फॅमिली लिंक हे पालकांच्या देखरेखीचे ॲप बसवा, आणि फोन वापरायची जागा बाहेरची खोली ठेवा. यातले प्रत्येक कुलूप हुशार मूल उघडू शकते. लहान वयात चुकून समोर येणारे बरेचसे मात्र त्याने अडते, आणि तेवढ्यासाठी ती लावावीत.

प्रश्न : मी २० वर्षांचा असून पुण्यात हॉस्टेलला राहून इंजिनीअरिंग करतो. आठवीपासून ‘बीपी’ बघतो. आता जवळजवळ रोज रात्री दीड-दोन वाजेपर्यंत बघणे होते. दोन विषय राहिले आहेत. यूट्यूबवर ऐकले की यामुळे मेंदू आक्रसतो आणि हस्तमैथुनाने वीर्य जाऊन माणूस संपतो. नव्वद दिवसांचा संकल्प चार वेळा केला, चारही वेळा मोडला. गर्लफ्रेंडसोबत एकदा प्रयत्न केला तेव्हा काहीच झाले नाही. मी आता कधीच नॉर्मल होणार नाही का? — एक विद्यार्थी

उत्तर : तुझ्या पत्रात पाच-सहा निरनिराळ्या गोष्टींची एक गाठ बसली आहे, आणि ती एकत्र पाहिल्यामुळे ती तुला सुटणार नाही असे वाटते. एकेक धागा मोकळा करू.

वीर्याची भीती आधी टाकून दे. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, डोळे खोल जात नाहीत, लिंग वाकडे होत नाही आणि पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवणाऱ्यांनी या भीतीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले; आता तेच लोक व्हिडिओ काढतात आणि खाली चूर्णाची लिंक देतात.

मेंदूविषयी जे ऐकलेस त्यामागे एक खरे संशोधन आहे, म्हणून ते नेमके काय होते ते सांगते. बर्लिनमधील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ६४ निरोगी पुरुषांच्या मेंदूची छायाचित्रे तपासली, तेव्हा आठवड्याला जास्त तास पॉर्न पाहणाऱ्यांमध्ये बक्षीस-समाधानाशी संबंधित एका भागाचे आकारमान तुलनेने कमी आढळले. पाहिल्यामुळे तो भाग लहान झाला, की तो भाग मुळात लहान असलेल्या माणसांना अधिक पाहावेसे वाटते, हे त्या एका वेळच्या तपासणीवरून ठरवता येत नव्हते, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नव्हता. ‘मेंदू आक्रसतो’ हे पुढे लोकांनी जोडले.

आता ‘व्यसन’ या शब्दाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकृती’ नावाचे निदान आहे. ते व्यसनांच्या नव्हे तर आवेग-नियंत्रणाच्या विकारांच्या गटात ठेवले आहे. दीर्घकाळ, साधारण सहा महिने किंवा अधिक, आवेग आवरता न येणे, त्यापायी अभ्यास, तब्येत, नाती यांची हेळसांड होणे, आनंद उरला नसतानाही ते करीत राहणे, असे त्याचे निकष आहेत. त्याच ठिकाणी असेही स्पष्ट लिहिले आहे की केवळ ‘मी पाप करतो’ या नैतिक टोचणीमुळे होणारा त्रास हे निदान करायला पुरेसा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आठवड्यातून एकदा पाहून स्वतःला व्यसनी म्हणवून घेणारी आणि रडून डोळे सुजवणारी मुले मी पाहिली आहेत. तुझे तसे नाही. तुझी झोप जाते, विषय राहिले आहेत, थांबावेसे वाटून थांबता येत नाही, म्हणजे तुला मदतीची गरज आहे. पण ती घेतली तर सुटण्यासारखे हे आहे.

गर्लफ्रेंडसोबत जे झाले ते पहिल्या वेळी अनेकांचे होते. पकडले जाण्याची धास्ती, जमेल का ही परीक्षा, डोक्यात चित्रफितींमधल्या शरीरांशी आणि वेळांशी चाललेली तुलना, एवढे ओझे असताना शरीर साथ देत नाही. पहाटे जाग येताना ताठरता येत असेल, तर शरीराची यंत्रणा बहुधा ठीक आहे असे समज. पॉर्न पाहण्याने ही अडचण थेट उद्भवते का, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मात्र रोज तासन्‌तास, मिनिटामिनिटाला नवे दृश्य बदलत उत्तेजित होण्याची सवय लागलेल्या काही तरुणांना प्रत्यक्षातला संथ, लाजरा, दोघांचा अनुभव फिका वाटतो, हे माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांकडून मी वारंवार ऐकले आहे. आणि एक विचारू? त्या दिवशी ती काय म्हणाली, तिला काय वाटले, याविषयी तुझ्या पत्रात एक अक्षरही नाही. तिच्याशी बोल. चित्रफितीत कोणी कोणाशी बोलत नाही, त्यामुळे बोलायचे असते हेच ध्यानात येत नाही.

नव्वद दिवसांची मोजणी सोडून दे. सदतिसाव्या दिवशी घसरलास की शून्यावर येतोस, आणि ‘आता सगळे गेलेच’ म्हणून त्या रात्री चार तास बघतोस. हा त्या मोजणीचा दोष आहे. त्याऐवजी दोन आठवडे वहीत फक्त नोंद कर: किती वाजता, कुठे, त्याआधी काय चालू होते. बहुतेक मुलांच्या वह्यांमध्ये रूममेट झोपल्यानंतरची वेळ, अंथरूण, आणि त्याआधीचा कंटाळा, एकटेपणा किंवा राहिलेल्या विषयाची धडकी, हेच निघते. मग उपाय तिथे करता येतो: फोन रात्री साडेअकराला टेबलावर, पलंगापासून लांब चार्जिंगला, गजराला शंभर-दोनशे रुपयांचे साधे घड्याळ, आणि जेवणानंतर मेसमधल्या एकाशी तरी रोज चक्कर. महिन्याभरात फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचा वेगळा बाह्यरुग्ण विभागच २०१४ पासून चालू आहे, म्हणजे असा त्रास घेऊन दार ठोठावणारा तू एकटा नाहीस.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील एका शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातल्या दोन मुलांनी एका मुलीचा गॅदरिंगमधला फोटो घेऊन एआयच्या ॲपने तिचे नग्न चित्र तयार केले आणि ते ग्रुपवर फिरवले. एका मुलाने ते मला दाखवले. वरिष्ठांचे म्हणणे आहे की शाळेची बदनामी होईल, मुलांना माफीनामा लिहायला लावून प्रकरण मिटवावे. मुलगी चार दिवस शाळेत आलेली नाही. — एक शिक्षिका

उत्तर : बाई, प्रकरण मिटवणे तुमच्या किंवा वरिष्ठांच्या हातात नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे असे चित्र संगणकाने बनवलेले किंवा बदललेले असले, तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सो कायद्यातील व्याख्येत तेही येते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब त्याच्या प्रसारणाला लागू होते. पोक्सोच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि संस्थाप्रमुखासाठी ती एक वर्षापर्यंतच्या कैदेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात मुलांचे असे साहित्य जवळ बाळगण्याविषयीही कठोर भूमिका घेतली. म्हणून ते चित्र पुरावा म्हणूनसुद्धा स्वतःच्या फोनवर घेऊ नका, सहकाऱ्यांना ‘बघा काय प्रकार आहे’ म्हणून पाठवू नका. ज्याच्याकडे आहे त्याचा फोन पालकांच्या समक्ष पोलिसांकडे जाऊ द्या. ग्रुपचे नाव, वेळ आणि कोणी पाठवले एवढे कागदावर लिहून ठेवा.

तक्रार पोलीस ठाण्यात, १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. नग्न किंवा बनावट नग्न चित्राविषयी तक्रार आल्यावर ते ठरावीक मुदतीच्या आत काढण्याचे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यमांवर घातले. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत मुलीच्या फोनमधून चित्र बाहेर न जाता त्याचा केवळ सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून ते ओळखून काढतात. मुलीचे नाव कोठेही उघड करणे हाही गुन्हा आहे, हे शिक्षक-खोलीत सर्वांना बजावा.

पण ताबडतोबीचे काम कायद्याचे नाही. आज संध्याकाळी त्या मुलीच्या घरी जा. दप्तर, वह्या, राहिलेला अभ्यास असे काहीतरी निमित्त घेऊन जा आणि तिच्या आईवडिलांसमोर मोठ्याने सांगा की हिने काही केलेले नाही. ‘फोटो टाकलासच कशाला’, ‘गॅदरिंगला तसले कपडे कशाला’ ही वाक्ये त्या घरात चार दिवस फिरत असणार. चित्रातले शरीर तिचे नाही, हे तिला ठाऊक असते, तरी वर्गात शिरताना तीसजणांनी आपल्याला उघडे पाहिले असेच तिला वाटते.

ती दोन मुलेही मुलेच आहेत. त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, जेथे सुधारणेवर भर असतो. त्यांचा माफीनामा वर्गात वाचून घेऊ नका. त्याने मुलीची पुन्हा विटंबना होते. पडद्यावर अनोळखी बायकांची शरीरे बोटाने सरकवत पाहण्याची सवय झालेल्या मुलाला शेजारच्या बाकावरची मुलगीही तशीच सरकवण्यासारखी वाटू लागणे, हा या साऱ्या विषयातला मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा परिणाम आहे. किशोरवयीनांवरील वीस वर्षांच्या संशोधनाचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा सांगतो की पॉर्न पाहणे आणि स्त्री-पुरुषांविषयी साचेबंद समजुती यांचा संबंध दिसतो, मात्र एकामुळे दुसरे घडते हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध होईपर्यंत नववीच्या वर्गाने थांबावे, असे मला वाटत नाही. संमती म्हणजे काय, यावर दोन तास घ्या, मुलामुलींना एकत्र बसवून. आरोग्य विभागाची किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ केंद्रे सरकारी रुग्णालयांत आहेत, तेथील समुपदेशक बोलावता येतात.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७३. असले विषय घरात येणाऱ्या मासिकात छापणे मला पटत नाही. सरकारने या साइट एका फटक्यात बंद का करू नयेत? परवा माझ्या दहा वर्षांच्या नातवाने ‘आजोबा, सेक्स म्हणजे काय?’ असे विचारले. मी म्हणालो, ‘पाढे म्हण.’ — सोलापूर

उत्तर : सर, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य तुम्ही लिहिले, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. बंदीविषयी थोडक्यात: २०१५ मध्ये सरकारने ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि काही दिवसांतच तो आदेश सैल केला, २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइट पुन्हा बंद झाल्या. त्याच साइट नावात एखादे अक्षर बदलून परत आल्या, आणि मुलांना तर त्या मेसेजमधून, रील्समधून, गेमच्या मधल्या जाहिरातींतून मिळतात. ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून अशा साइटवर वयाची पडताळणी सक्तीची केली आहे. कंपन्यांवर अशी जबाबदारी आपल्याकडेही टाकली जावी, या मताची मीही आहे. पण २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम नाकारला, त्यानंतर मुलांच्या प्रश्नांची उत्तरे देणारा शिक्षक गेला आणि ती जागा मोबाईलने घेतली, हेही तितकेच खरे आहे.

राहिला छापण्याचा प्रश्न. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. असे सदर मराठी घरांत येऊ लागल्याला आता शंभर वर्षे होत आली.

नातवाचा प्रश्न अजून ताजा आहे. आज त्याला जवळ बसवून सांगा: ‘‘परवा तू विचारलंस तेव्हा मला सुचलं नाही. मोठी माणसं, ज्यांचं एकमेकांवर प्रेम असतं आणि दोघांचीही इच्छा असते, ती शरीराने एकमेकांच्या खूप जवळ येतात, त्याला सेक्स म्हणतात. त्यातून बाळही होऊ शकतं. ती मोठ्यांची गोष्ट आहे, लहान मुलांबरोबर कोणीही ती करायची नसते, आणि कोणी तसं काही केलं किंवा दाखवलं तर पळत माझ्याकडे यायचं.’’ मग हा शब्द त्याने कोठे ऐकला ते विचारा, आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.